वाचकांचे प्रश्न : रासायनिक युद्ध म्हणजे नेमके काय?

रासायनिक युद्धाविषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील काही प्रश्न एकमेकांना पूरक असल्याने या वेळचे सदर त्याच एका विषयाला दिले आहे.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. पहिल्या महायुद्धात विषारी वायूचा वापर झाला, एवढे एक वाक्य मुलांना सांगून आम्ही पुढे जातो. या वेळी एका मुलाने विचारले, “बाई, बंदुकीची दारूसुद्धा रसायनच ना? मग तोफेचा गोळा रासायनिक अस्त्र का नाही?” मला नीट उत्तर देता आले नाही. (एक शिक्षिका, सातारा)

उत्तर : आपल्या विद्यार्थ्याने योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे. तोफेच्या गोळ्यातील दारूही रसायनच असते, पण ती माणसाला मारते ती स्फोटाच्या दाबाने, उष्णतेने आणि उडणाऱ्या तुकड्यांनी. रासायनिक अस्त्रात स्फोट झालाच, तर तो केवळ आतला पदार्थ पसरवण्यापुरता असतो. खरी इजा त्या पदार्थाच्या विषारीपणामुळे, म्हणजे शरीरातील जीवनक्रियांवर त्याने घातलेल्या घाल्यामुळे होते. याच कसोटीमुळे नापाम किंवा पांढऱ्या फॉस्फरसचे आग लावणारे बॉम्ब रासायनिक अस्त्रांत मोडत नाहीत. ते कमी क्रूर आहेत असे नव्हे. जाळणाऱ्या अस्त्रांसाठी १९८० च्या काही पारंपरिक अस्त्रांविषयीच्या कराराचा वेगळा प्रोटोकॉल (पूरक करार) आहे.

मात्र एवढ्याने व्याख्या पूर्ण होत नाही, कारण विषारी पदार्थ शांततेच्या काळातही आपल्या भोवती असतातच. ग्रामपंचायतीचा कर्मचारी विहिरीत टीसीएल पावडर टाकतो तेव्हा पाणी शुद्ध होते ते क्लोरीनमुळे, आणि १९१५ मध्ये बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात सैनिकांची फुप्फुसे जाळली तीही क्लोरीननेच. फॉस्जीन हा त्या युद्धातील सर्वांत जास्त बळी घेणारा वायू, परंतु प्लास्टिक आणि कीटकनाशके बनवणारे कारखाने तो आजही वापरतात. म्हणून १९९३ च्या आंतरराष्ट्रीय रासायनिक अस्त्रबंदी कराराने निषिद्ध पदार्थांची नुसती यादी करून भागवले नाही. करारात याद्या आहेत, पण त्या तपासणीच्या सोयीसाठी. मूळ व्याख्या हेतूवर बेतलेली आहे : शेती, उद्योग, संशोधन, औषधनिर्मिती, विषबाधेपासून संरक्षण अशा मान्य कामांसाठी आणि त्या कामाला शोभेल एवढ्याच प्रमाणात ठेवलेले रसायन अस्त्र ठरत नाही, त्याखेरीज कोणतेही विषारी रसायन, ते बनवण्यासाठी लागणारे घटक आणि ते डागण्यासाठी घडवलेली साधने अस्त्र ठरतात. उद्या कुणी अगदी नवे, कोणत्याही यादीत नसलेले विष शोधले, तरी ते या व्याख्येतून निसटत नाही. माझ्या मते त्या लांबलचक करारातील सर्वांत शहाणपणाचे कलम हेच आहे.

प्रश्न : प्रत्यक्ष रणांगणावर या अस्त्राचा उपयोग कितपत झाला? त्यामुळे एखादी लढाई जिंकली गेली का? (एक निवृत्त सुभेदार, कोल्हापूर)

उत्तर : अनेक देशांनी १८९९ मध्येच हेगच्या परिषदेत गुदमरवणारे वायू पसरवणारे गोळे न वापरण्याची घोषणा मान्य केली होती, आणि त्यांतील दोन देश, जर्मनी व फ्रान्स, पहिल्या महायुद्धात एकमेकांसमोर उभे ठाकले. सुरुवात डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या रसायनांनी झाली. नंतर २२ एप्रिल १९१५ च्या संध्याकाळी, पाचच्या सुमारास, बेल्जियममधील ईप्र शहराच्या उत्तरेला जर्मनांनी सुमारे सहा किलोमीटरच्या आघाडीवर खंदकांत पुरलेल्या ५,००० हून अधिक नळकांड्यांच्या तोट्या उघडल्या आणि दीडशे टनांहून अधिक क्लोरीन वाऱ्यावर सोडला. हेगच्या घोषणेत ‘गोळे’ असा शब्द होता आणि येथे तर नळकांडी होती, असा कायद्याचा कीस नंतर पाडण्यात आला. पळवाट शोधणाऱ्याला शब्द पुरतो.

क्लोरीन हवेच्या सुमारे अडीच पट जड असतो, त्यामुळे तो हिरवट-पिवळा ढग जमिनीलगत सरपटत आला आणि खंदकांत उतरला. समोर फ्रेंच सैन्यातील प्रौढ राखीव सैनिक आणि अल्जीरियातून आणलेले सैनिक होते. आपल्यावर काय चालून येते आहे हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हते. ओल्या फुप्फुसांशी क्लोरीनचा संयोग झाला की आतले आवरण जळते, फुप्फुसात पाणी भरते आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडून मरतो. आघाडीला मोठे खिंडार पडले. परंतु जर्मन सेनापतींचाच या प्रयोगावर पुरता विश्वास नव्हता, त्यांनी मागे पुरेशी राखीव फौज ठेवली नव्हती, आणि त्यांचे सैनिकही ढगात शिरायला कचरत होते. कॅनडाच्या तुकड्यांनी खिंडार कसेबसे रोखले आणि ईप्र पडले नाही.

आपण सैन्यात होता म्हणून पुढचा भाग मुद्दाम सविस्तर लिहितो. त्याच लढाईत चार दिवसांनी, २६ एप्रिलला, हिंदुस्थानी सैन्याची लाहोर डिव्हिजन प्रतिहल्ल्यासाठी पुढे सरकली. वायूपासून संरक्षणाची साधने त्यांच्याकडे जवळजवळ नव्हतीच. तोंडावर ओले फडके धरणे हाच उपाय होता. हल्ला जर्मन तारांच्या कुंपणाजवळ पोहोचत असतानाच वायू सोडला गेला. त्या आठवडाभरात या डिव्हिजनचे मृत, जखमी व बेपत्ता मिळून जवळपास चार हजार जवानांची हानी झाली. जमादार मीर दस्त यांनी त्या दिवशी अधिकारी पडल्यावर वायूने अर्धमेल्या झालेल्या जवानांना एकत्र केले, अंधार पडेपर्यंत जागा सोडली नाही, आणि भडिमारातून आठ जखमी ब्रिटिश व हिंदी अधिकाऱ्यांना सुरक्षित जागी हलवण्यास मदत केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ब्रायटनच्या इस्पितळातून लिहिलेल्या पत्रात मात्र त्यांनी पदकाची थोरवी मान्य करून लगेच पुढे लिहिले होते की हा वायू काही स्वस्थता लाभू देत नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे. ब्रिटिशांनी २५ सप्टेंबर १९१५ रोजी लूस येथे पहिल्यांदा क्लोरीन सोडला, तेव्हा काही ठिकाणी वारा फिरला आणि ढग त्यांच्याच खंदकांवर येऊन बसला. दरम्यान मुखवटे आले. आधी सोडियम थायोसल्फेटमध्ये भिजवलेल्या कापडी पट्ट्या, मग काचेच्या डोळ्यांच्या पिशव्या, आणि अखेरीस कोळशाच्या गाळणीचे डबे. मुखवटा सुधारला की नवा वायू येई, नवा वायू आला की मुखवटा सुधारे. मुखवट्यालाही न जुमानणारा पदार्थ म्हणजे जुलै १९१७ मध्ये ईप्रजवळच वापरला गेलेला मस्टर्ड. त्याला मस्टर्ड वायू म्हणतात, पण वस्तुतः तो तेलकट द्रव असतो. त्याच्या वासावरून ते नाव पडले आणि फ्रेंच त्याला गावावरून ‘इपेरिट’ म्हणू लागले. लागला तेव्हा काहीच जाणवत नाही, काही तासांनी डोळे सुजून बंद होतात आणि अंगावर मोठमोठे फोड येतात. तो मातीत, कपड्यांत कित्येक दिवस टिकून राहतो. ऑक्टोबर १९१८ मध्ये ब्रिटिशांच्या अशाच माऱ्यात काही काळ दृष्टी गमावलेल्यांत हिटलर नावाचा एक जर्मन कॉर्पोरल होता.

या युद्धात वायूमुळे सुमारे १३ लाख सैनिक जायबंदी झाले आणि त्यांतील अंदाजे ९०,००० मरण पावले. संपूर्ण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या मानाने हा आकडा शेकड्याला एकच्या आसपास भरतो. म्हणजे तोफा आणि मशीनगन यांनी वायूपेक्षा कितीतरी अधिक माणसे मारली, आणि केवळ वायूच्या बळावर एकही निर्णायक लढाई जिंकली गेली नाही. पण हे ९०,००० सारख्या प्रमाणात वाटले गेलेले नाहीत. प्रचलित अंदाजांनुसार त्यांतील निम्म्याहून अधिक रशियन होते, कारण रशियन सैन्याकडे चांगले मुखवटे उशिरा आणि अपुरे पोहोचले. तयार सैन्यापुढे हे अस्त्र लवकर बोथट होते. ते चालते ते ज्याच्याकडे मुखवटा नाही त्याच्यावर.

प्रश्न : १९२५ मध्ये जिनिव्हात विषारी वायूंवर बंदी घातली होती ना? मग दुसऱ्या महायुद्धात ती पाळली गेली म्हणून वायू वापरले गेले नाहीत, असे म्हणावे का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे)

उत्तर : १७ जून १९२५ च्या जिनिव्हा प्रोटोकॉल या कराराने विषारी वायू आणि जंतू युद्धात वापरायला बंदी घातली, पण ते बनवायला आणि साठवायला नाही. शिवाय अनेक देशांनी सही करताना अट घातली की शत्रूने आधी वापरले तर आम्ही मोकळे. त्यामुळे तो करार म्हणजे ‘पहिला घाव मी घालणार नाही’ एवढेच वचन होते, आणि तेही दोन्ही बाजू तुल्यबळ असतील तरच पाळले गेले.

इटलीने १९३५-३६ मध्ये इथिओपियावर मस्टर्डचा वापर केला, पुढे विमानांतून फवारासुद्धा केला. इटलीने हा करार मान्य केलेला होता. समोर बहुतांशी अनवाणी लढणारे सैनिक, गुराखी आणि नदीवर पाणी भरणारे लोक होते. सम्राट हेले सेलासी यांनी ३० जून १९३६ रोजी राष्ट्रसंघापुढे स्वतः उभे राहून याचा पाढा वाचला. राष्ट्रसंघाने ऐकून घेतले. जपानने चीनमध्ये हेच केले. युरोपात मात्र जर्मनी आणि ब्रिटन या दोघांकडेही मोठे साठे होते, दोघांनाही प्रत्युत्तराची भीती होती, आणि म्हणून साठे कोठारांत राहिले. हे बंदीचे पालन म्हणण्यापेक्षा भीतीचा समतोल म्हणावा. त्याच जर्मनीने छळछावण्यांत लाखो ज्यूंना मारण्यासाठी झायक्लॉन-बी हे धुरी देण्याचे कीटकनाशक वापरले. तेथे प्रत्युत्तर द्यायला कुणी नव्हते. क्लोरीनच्या पहिल्या हल्ल्याची आखणी करणारे रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर हे जन्माने ज्यू होते आणि १९३३ मध्ये त्यांनाही जर्मनी सोडावी लागली होती. ज्यांच्या अमोनिया-निर्मितीच्या शोधावर आजची रासायनिक खते उभी आहेत आणि ज्यांना त्यासाठी १९१८ चे नोबेल मिळाले, तेच हे हाबर.

ब्रिटिशांच्या बाबतीतही एक गोष्ट आपण भारतीयांनी विसरू नये. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आणि त्या काळात रावळपिंडीला ब्रिटिश शास्त्रज्ञांनी मस्टर्डचे परिणाम तपासण्यासाठी शेकडो हिंदी जवानांचा वापर केला. काहींना अंगावरच्या भाजण्यामुळे इस्पितळात ठेवावे लागले. याचे कागद २००७ मध्ये वृत्तपत्रांतून लोकांपुढे आले.

युद्धानंतरही क्रम बदलला नाही. सद्दाम हुसेनच्या इराकने १९८३ पासून इराणविरुद्ध मस्टर्ड आणि पुढे त्याहून घातक वायू वापरले, आणि १६ मार्च १९८८ रोजी हलब्जा या कुर्द गावात एका दिवसात हजारो नागरिक मारले. सामान्यतः हा आकडा पाच हजारांपर्यंत सांगितला जातो. इराकवर त्या वेळी कठोर कारवाई झाली नाही, कारण इराणचे बळ घटावे असे अनेक बड्या राष्ट्रांना वाटत होते.

प्रश्न : आमच्याकडे कापसावर आम्ही जे औषध मारतो ते आणि लष्कराचा ‘नर्व्ह गॅस’ एकाच जातीचे असते, असे कृषी केंद्रावर एकाने सांगितले. हे खरे आहे का? (एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : एका गटातील कीटकनाशकांपुरते हे खरे आहे, आणि त्यात अतिशयोक्ती नाही. जर्मनीत गेरहार्ड श्राडर हे रसायनशास्त्रज्ञ किडींवरची औषधे शोधत होते. १९३६ मध्ये त्यांच्या हाती ‘ताबून’ हे नर्व्ह गॅसच्या जातीचे रसायन लागले आणि १९३८ मध्ये त्यांच्या गटाने सारिन तयार केले. दोन्ही माणसासाठी इतकी घातक निघाली की ती शेतीऐवजी लष्कराकडे गेली. पुढे १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये याच पद्धतीने, कीटकनाशकाच्या संशोधनातूनच, व्हीएक्स या आणखी भयंकर रसायनाची वाट निघाली. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस ही आपल्या परिचयाची नावे त्याच ऑरगॅनोफॉस्फेट कुळातली आहेत.

त्यांची काम करण्याची रीतही एकच. मेंदूचा निरोप मज्जातंतूतून स्नायूपर्यंत पोहोचवायला ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य पाझरते, आणि निरोप पोहोचताच एक विकर (एन्झाइम) ते द्रव्य तत्काळ मोडून टाकते. ही विषे त्या विकराला जखडून ठेवतात. मग बारे मोडलेल्या पाटासारखी अवस्था होते : पाणी थांबवायला कुणीच नाही. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ, घाम आणि नाकातले पाणी थांबत नाही, छाती भरून येते, स्नायू फडफडतात, झटके येतात आणि शेवटी श्वास बंद पडतो. फरक आहे तो तीव्रतेचा. सारिनचे काही थेंबसुद्धा जिवावर बेतू शकतात. शेतीतील औषधे त्या मानाने कितीतरी सौम्य असतात. पण सौम्य याचा अर्थ निर्धोक असा घेऊ नये. २०१७ च्या खरिपात आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले, हे मी आपल्याला सांगायला नको. माणसाच्या उंचीएवढ्या वाढलेल्या कापसात, उघड्या अंगाने, वाऱ्याच्या तोंडाला फवारा धरून तासन्‌तास काम करणाऱ्याची अवस्था मुखवटा नसलेल्या सैनिकाहून फारशी वेगळी नसते.

उपचारातही नाते दिसते. नर्व्ह वायूच्या हल्ल्यासाठी सैनिक जे ॲट्रोपिनचे इंजेक्शन जवळ बाळगतात, तेच ॲट्रोपिन आपल्या ग्रामीण रुग्णालयांत फवारणीच्या विषबाधेवर दिले जाते. त्रास जाणवला तर फवारणी तिथेच थांबवावी, कपडे काढून साबणाने भरपूर अंग धुवावे, आणि दवाखान्यात जाताना औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी बरोबर न्यावी. कोणत्या गटाचे विष आहे हे कळले की डॉक्टरांचा मोलाचा वेळ वाचतो.

प्रश्न : पोलीस मोर्चावर अश्रुधुराच्या नळकांड्या फोडतात, ते चालते, मग तोच अश्रुधूर सैन्याला युद्धात का वापरता येत नाही? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : १९९३ च्या करारात अगदी तसेच लिहिले आहे, आणि ते विसंगत वाटले तरी त्यामागे कारण आहे. खंदकात बसलेल्या सैनिकाला समोरून येणारा धूर डोळे झोंबवणारा आहे की प्राणघातक, हे ओळखण्याची सवड नसते. तो वाईटात वाईट गृहीत धरतो आणि त्याची बाजू खऱ्या विषाने उत्तर देते. १९१४-१५ मध्ये नेमके असेच एकेक पाऊल पुढे पडत गेले. व्हिएतनाममध्ये अमेरिकेने भुयारांतून लोकांना बाहेर काढायला असाच धूर वापरला आणि बाहेर आलेल्यांवर गोळ्या झाडल्या, हेही करार करणाऱ्यांना ठाऊक होते.

प्रश्न : भोपाळची दुर्घटना रासायनिक युद्धात मोडते का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नाही. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले आणि हजारो लोक मेले. कुणाला मारण्यासाठी ते सोडलेले नव्हते, म्हणून तो औद्योगिक अपघात आणि अपराधी हलगर्जीपणा ठरतो, युद्ध नव्हे. हेतूची कसोटी येथे अपराध्याच्या सोयीची वाटेल; पण अपघाताला युद्ध म्हटल्याने कारखान्याची जबाबदारी वाढत नाही, उलट ती धूसर होते. भोपाळमध्ये ते रसायन फॉस्जीनपासूनच बनवले जात होते.

प्रश्न : भारताकडे अशी अस्त्रे होती का? आणि जगातले सगळे साठे आता खरोखरच नष्ट झाले आहेत का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : होती. ऑगस्ट १९९२ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांनी रासायनिक अस्त्रे विकसित किंवा तयार न करण्याची संयुक्त घोषणा केली होती. त्यानंतर अस्त्रबंदी करार २९ एप्रिल १९९७ रोजी अमलात आला आणि भारताने आपल्याकडे मस्टर्डचा एक हजार टनांहून अधिक साठा असल्याचे जाहीर केले. १९९२ ची घोषणा आणि १९९७ चा खुलासा शेजारी ठेवले की अडचण दिसतेच, आणि त्या वेळी तीवर टीकाही झाली. परंतु साठा लपवून न ठेवता आंतरराष्ट्रीय निरीक्षकांसमोर २००९ पर्यंत संपूर्ण नष्ट करण्यात आला, आणि अल्बानिया व दक्षिण कोरिया यांच्यानंतर हे काम पूर्ण करणाऱ्या देशांत भारत तिसरा ठरला. संसदेने या कराराच्या अंमलबजावणीसाठी २००० मध्ये स्वतंत्र कायदाही केला आहे. महाराष्ट्रातील रासायनिक उद्योगांना ठरावीक रसायनांची माहिती दरवर्षी द्यावी लागते, ती त्याच कायद्यामुळे.

आज १९३ देश या करारात आहेत. इजिप्त, उत्तर कोरिया आणि दक्षिण सुदान यांनी सही केलेली नाही. इस्रायलने सही केली, पण मान्यता दिलेली नाही. सदस्य देशांनी जाहीर केलेले एकूण ७२,००० टनांहून अधिक साठे होते. रशियाने आपले काम २०१७ मध्ये संपवले आणि अमेरिकेने केंटकीमधील शेवटचे अस्त्र जुलै २०२३ मध्ये नष्ट केले. यात महत्त्वाचा शब्द ‘जाहीर केलेले’ हा आहे. सीरियात २१ ऑगस्ट २०१३ रोजी दमास्कसलगतच्या घौता भागात सारिनने शेकडो नागरिक मेल्यावर तो देश करारात आला, त्याचा साठा बाहेर काढला गेला, आणि तरीही एप्रिल २०१७ मध्ये खान शेखून गावात पुन्हा सारिन वापरले गेले. मार्च १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन सोडणारा तर देश नव्हताच, तो एक पंथ होता.

कोणत्याही यादीत नसलेला एक साठा अजून जमिनीत आहे. ईप्रच्या परिसरात नांगरट करताना पहिल्या महायुद्धातले न फुटलेले गोळे आजही सापडतात, आणि त्यांतल्या काहींमध्ये मस्टर्ड किंवा फॉस्जीन असते. तिथले शेतकरी असे गोळे बांधावर किंवा रस्त्याकडेच्या खांबापाशी ठेवून देतात, आणि बेल्जियन सैन्याची गाडी ते गोळा करून नेते.